पित्ताचा हिशेब आंतडें कसें ठेवतें

आमच्या भाषेंत पित्त या शब्दावर जितका भार टाकला गेला आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर असेल. घशाशीं आंबट आलें कीं पित्त झालें. अंगावर गांधी आल्या कीं पित्त उठलें. आणि शेजाऱ्याच्या बैलानें आपला बांध तुडविला कीं पित्त खवळलें. आयुर्वेदांतील वात, पित्त व कफ यांचा विचार आणखी निराळा असून त्याची मांडणी त्या शास्त्राच्या जाणत्यांनींच करावी. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या पित्ताविषयीं लिहीत आहों, तें म्हणजे यकृतांत तयार होणारा पिंवळसर-हिरवा कडू रस होय. बोकड सोलतांना काळजास चिकटलेली हिरवी पिशवी फुटली तर सारी सागुती कडू होते, तें हें पित्त. घशाशीं येणारें आंबट पाणी बहुतकरून जठरांतील आम्ल असतें. त्याचा दोष बिचाऱ्या यकृतावर उगाच लादला जातो.

हें पित्त करितें काय? तेल आणि पाणी यांचें सख्य नाहीं, हें घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. रिठ्याच्या पाण्यानें जसा भांड्याचा ओशटपणा सुटतो, तद्वत पित्तांतील पित्ताम्लें अन्नांतील तुपातेलाचे अतिशय बारीक कण करून तें पाण्यांत मिसळण्याजोगें करितात, तेव्हांच स्वादुपिंडाच्या रसास त्यावर काम करितां येतें. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वेंही याच वाटेनें रक्तांत उतरतात. आणि म्हणूनच पित्ताची वाट बंद झालेल्या कावीळग्रस्त रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं डॉक्टर त्यास के जीवनसत्त्वाची सुई टोंचितात, नाहीं तर रक्त लवकर थिजत नाहीं. हीं पित्ताम्लें यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवितें. त्यांच्या शोधास बैलाचें फार साहाय्य झालें आहे. त्यांतील एका द्रव्यास टॉरीन म्हणतात तें लॅटिन भाषेंतील बैलवाचक शब्दावरून, कारण १८२७ सालीं जर्मनींत तें प्रथम बैलाच्या पित्तांतून वेगळें काढण्यांत आलें. पुढें पित्ताम्लांची घडण उलगडल्याबद्दल हाइनरिख वीलांट या जर्मन शास्त्रज्ञास १९२७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. मनुष्याच्या शरीरांत एकूण पित्ताम्लें असतात तीं अवघीं सुमारें ३ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें पाव तोळा. एवढ्याशा भांडवलावर दिवसभराचीं जेवणें पचावयाचीं! तें शक्य होतें याचें कारण असें कीं हें भांडवल खर्चून संपत नाहीं, तें फिरत राहतें. यकृतांतून पित्ताशयांत, तेथून लहान आंतड्याच्या तोंडाशीं, आंतड्यांतून पुढें सरकत त्याच्या शेवटच्या भागांत, आणि तेथें पुन्हां शोषलें जाऊन यकृताकडे जाणाऱ्या शिरेंतून परत यकृतांत, अशी ही फेरी दिवसांतून चारपासून बारा वेळांपर्यंत होते. दर फेरीस १०० भागांपैकीं ९५ हून अधिक भाग परत येतो. जें विष्ठेवाटे जातें तें दिवसाकाठीं सुमारें अर्धा ग्रॅम; तेवढेंच यकृत नव्यानें तयार करितें. आमचें आयुष्य जमाबंदीच्या दप्तरांत गेलें, परंतु इतका चोख वसूल आणि इतकी थोडी सूट असलेला ताळेबंद आमच्या पाहण्यांत नाहीं.

पण ताळेबंद आला कीं लिहिणारा कारकून आला. पित्ताशयाचें दार केव्हां उघडावयाचें हें कोण सांगतो? आणि आज तूट किती पडली, यकृतानें नवें किती करावें, हें यकृतास कसें कळतें? या दोन प्रश्नांपैकीं पहिल्याचें उत्तर जुनें आहे, दुसऱ्याचें अगदीं अलीकडचें.

गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी होती कीं पोटांतील सर्व कारभार मज्जातंतूंच्या हुकुमानें चालतो. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनीं १६ जानेवारी १९०२ रोजीं एक प्रयोग केला. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या लहान आंतड्याचा एक तुकडा दोन्हीं बाजूंनीं बांधून त्यांनीं त्याचे सगळे मज्जातंतू तोडले. फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यांत थोडें आम्ल घातलें. हुकूम नेणारी तार तर तोडलेली. तरी कांहीं वेळानें स्वादुपिंडांतून रसाचे थेंब पडूं लागले. तेव्हां निरोप रक्तांतूनच गेला असला पाहिजे! स्टार्लिंगनें लागलीच आंतड्याच्या एका तुकड्याचें आंतलें अस्तर खरवडून, वाळू व पातळ आम्ल घालून घोटलें, गाळलें, आणि तो गाळ कुत्र्याच्या शिरेंत सोडला. रस पुन्हां वाहूं लागला. या द्रव्यास त्यांनीं सिक्रेटिन असें नांव दिलें. त्यानें पित्ताचा स्रावही वाढतो असें त्यांस आढळलें. अशा निरोप्या द्रव्यांस हॉर्मोन हें नांव स्टार्लिंगनें १९०५ सालीं योजिलें. आपण त्यांस संप्रेरक म्हणतों. मोठमोठीं यंत्रें नसतांना केवळ वाळू, आम्ल आणि नेमका प्रश्न एवढ्यावर हा शोध लागला, हें आम्हांस विशेष वाटतें.

पित्ताशयाचा निरोप्या त्यानंतर सव्वीस वर्षांनीं सांपडला. १९२८ सालीं शिकागो येथें आयव्ही व ओल्डबर्ग यांनीं दाखविलें कीं आंतड्याच्या अस्तरापासून काढलेला दुसरा एक अर्क शिरेंत सोडला असतां पित्ताशय आवळलें जातें. त्यास कोलेसिस्टोकायनिन हें लांबलचक नांव मिळालें. त्याचा अर्थ पित्ताशयास हलविणारा एवढाच. तूप, तेल, दूध, अंडें, डाळ असें स्निग्ध किंवा प्रथिनयुक्त अन्न जठरांतून लहान आंतड्यांत उतरलें कीं तेथील अस्तराच्या कांहीं पेशी हें द्रव्य रक्तांत सोडतात. तें फिरत पित्ताशयापर्यंत पोंचतें. पित्ताशय आवळतें, पित्तनलिकेच्या तोंडाशीं असलेला स्नायूचा फांसा सैल पडतो, स्वादुपिंड आपला पाचक रस पाठवितें, आणि जठरास सांगितलें जातें कीं जरा दमानें, पुढचा घास इतक्यांत खालीं ढकलूं नको. सिक्रेटिनचें काम निराळें: जठराचें आम्ल खालीं येतांच तें पित्तनलिकांतून व स्वादुपिंडांतून क्षारयुक्त पाणी सोडवून त्या आम्लाची धार मारतें. हीं दोन्हीं द्रव्यें शुद्ध स्वरूपांत मिळविण्यास स्वीडनमधील योर्पेस व मुट यांस हजारों डुकरांचीं आंतडीं खर्चीं घालावीं लागलीं, व त्यांत १९६० नंतरचें दशक गेलें. एक गंमत येथेंच सांगतों. घोडा, उंट, हत्ती आणि कबूतर यांस पित्ताशयच नसतें. त्यांचें पित्त यकृतांतून थेट आंतड्यांत झिरपत राहतें. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांस मात्र तें असतें. आणि गाईबैलांच्या पित्ताशयांत जो खडा कधीं कधीं सांपडतो, त्यासच गोरोचन म्हणतात.

आतां दुसरा प्रश्न. उंदराच्या पित्तनलिकेस नळी लावून सगळें पित्त बाहेर काढून घेतलें तर यकृत नवीं पित्ताम्लें कैक पटींनीं अधिक करूं लागतें, आणि तींच आंतड्यांत परत सोडलीं तर यकृताचा हात आंखडतो, हें १९५० नंतरच्या दशकांतच समजलें होतें. यावरून सर्वांनीं असें धरून चाललें कीं परत येणारा माल यकृत स्वतःच मोजतें. ही समजूत सरळ दिसते, पण पुढें असें दिसून आलें कीं तींच पित्ताम्लें आंतड्यांत न घालतां थेट शिरेंतून दिलीं, तर यकृत तितकेंसें ऐकत नाहीं. माल तोच, पोंचलाही यकृतापर्यंतच, पण आंतड्याची पावती नाहीं म्हणून तो खात्यास जमा होत नाहीं! म्हणजे मोजणी आंतड्यांत होते, आणि तेथून कांहीं निरोप वर जातो.

हा निरोप कोणता, तें कळावयास २००५ साल उजाडलें. त्याआधीं १९९९ सालीं अमेरिकेंतील तीन प्रयोगशाळांनीं जवळजवळ एकाच वेळीं दाखविलें कीं यकृताच्या व आंतड्याच्या पेशींत एफ.एक्स.आर. नांवाचा जो ग्राही आहे, त्याची किल्ली म्हणजे पित्ताम्लें होत. ग्राही म्हणजे पेशींतील एक प्रकारचें कुलूप. ठराविक किल्ली बसली कीं तें फिरतें आणि पेशींतील कांहीं कामें चालू किंवा बंद होतात. शास्त्रज्ञांनीं अशीं आद्याक्षरांचीं नांवें कां ठेवावीं हें तेच जाणोत. आम्ही आपले या ग्राहीस मनांत आंतड्यांतला तलाठी म्हणतों. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत पित्ताम्लें शोषलीं जात असतां तीं पेशींत शिरून या तलाठ्यास भेटतात. तलाठी मोजतो आणि वरच्या कचेरीस एक जासूद रवाना करितो. उंदरांत हा जासूद कोणता तें डलास येथील शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखविलें. त्याचें नांव एफ.जी.एफ. १५, आणि माणसांत त्याच्या जागीं एफ.जी.एफ. १९ असतो. तो यकृताकडे जाणाऱ्या शिरेंतून वर जातो, यकृताच्या पेशींवरील आपल्या दाराशीं थांबतो, आणि कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल करण्याच्या पहिल्या पायरीवर जें एन्झाइम काम करितें त्याचें उत्पादन कमी करावयास लावतो. माल पुरेसा परत आला, नवी आकारणी नको, असा तो निरोप. जेवणानंतर कांहीं तासांनीं त्याचें रक्तांतील प्रमाण चढतें व मग उतरतें. शिवाय तोच पित्ताशयास सैल होऊन पुन्हां भरावयास सांगतो. एक संप्रेरक पिशवी रिकामी करवितें, दुसरें ती भरवितें; बैलगाडीच्या दोन कासऱ्यांसारखाच हा प्रकार.

जपानांतील संशोधकांनीं २००२ व २००३ सालीं पित्ताम्लांचा आणखी एक ग्राही शोधून काढला. टी.जी.आर. ५ असें त्याचें नांव. तो पेशीच्या बाहेरच्या अंगास असतो, आणि त्याच्या द्वारें पित्ताम्लें आंतड्यांतून जी.एल.पी. १ हें संप्रेरक सोडवितात. हें तेंच, ज्याच्या धर्तीवर मधुमेहावरच्या व वजन उतरविण्याच्या नव्या सुया केलेल्या आहेत. अशीं औषधें घेणाऱ्यांत पित्ताशयाचे विकार कांहींसे अधिक आढळतात, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एकत्रित पाहणींत दिसून आलें. सुई घेऊं नये असा याचा अर्थ नव्हे. पण ती घेत असतां उजव्या बरगडीखालीं कळ आली तर डॉक्टरांस सुईची गोष्ट अवश्य सांगावी.

हें सर्व वाचून एखादा वाचक विचारील कीं याचा आमच्या संसाराशीं संबंध काय? तो असा कीं निरोप चुकला कीं दुखणें येतें, आणि तें दुखणें बहुधा दुसऱ्याच नांवानें ओळखलें जातें.

उपासाचेंच पाहा. आंतड्यांत स्निग्ध अन्न उतरलें नाहीं तर निरोप्या निघत नाहीं, पित्ताशय आवळत नाहीं, आणि आंतील पित्त साचून घट्ट होत जातें. अशा साचलेल्या पित्तांत कोलेस्टेरॉलचे खडे धरतात. दीर्घ लंघनें करणाऱ्यांस किंवा झपाट्यानें वजन उतरविणाऱ्यांस पित्ताशयाच्या खड्यांचा धोका वाढतो, हें निश्चित ठरलेलें आहे. तसेंच दिवसेंदिवस केवळ शिरेवाटे पोषण चाललेल्या रोग्यांसही. एक दिवसाच्या उपासानें असें कांहीं होत नाहीं. आणि एकादशीस साबुदाण्याची खिचडी व दाण्याची आमटी खाणाऱ्याच्या पित्ताशयास तर रजा मुळींच मिळत नाहीं!

पित्ताम्लांची गळती मुद्दाम वाढविणेंही कधीं हितावह असतें. इसबगोल, ओट, गवारीच्या बियांचा डिंक यांतील बुळबुळीत तंतू आंतड्यांत पित्ताम्लांस धरून ठेवून विष्ठेवाटे बाहेर नेतात. परत येणारा माल घटतो, जासूद कमी निघतात, यकृत नवीं पित्ताम्लें करूं लागतें, आणि त्यासाठीं लागणारें कोलेस्टेरॉल रक्तांतून ओढून घेतें. रक्तांतील कोलेस्टेरॉल अशा रीतीनें कांहीं अंशीं उतरतें. याच तत्त्वावर कोलेस्टिरामीन हें औषध बेतलेलें आहे.

मात्र गळती नको असतां झाली तर मनुष्य बेजार होतो. आमच्या देशांत आंतड्याचा क्षय पुष्कळदां नेमका लहान आंतड्याच्या शेवटच्या भागास धरतो, आणि तो भाग कापून काढण्याची पाळी येते. मग पित्ताम्लें शोषणारी जागाच उरत नाहीं. तीं मोठ्या आंतड्यांत उतरतात, तेथें पाणी सोडवितात, आणि रोग्यास पाण्यासारखे जुलाब लागतात. कांहींजणांचें आंतडें शाबूत असूनही असेंच होतें. लंडन येथील डॉक्टरांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें कीं अशा रोग्यांच्या रक्तांत एफ.जी.एफ. १९ कमी असतो. जासूद पोंचत नाहीं, यकृतास वाटतें तूट पडली, तें आणखी पित्ताम्लें करितें, आणि जुलाब वाढतच जातात. अशा माणसास वर्षानुवर्षें संग्रहणी म्हणून ताकभातावर ठेवलेलें आढळतें. पित्ताम्लें धरून ठेवणाऱ्या औषधानें त्यांतील पुष्कळांस उतार पडतो. म्हणून जुनाट जुलाबाच्या रोग्यानें डॉक्टरांस या कारणाविषयीं विचारण्यास संकोच करूं नये.

याहून गंभीर गोष्ट घरांतील गरोदर स्त्रियांची आहे, व ती आम्ही थोडी विस्तारानें सांगणार. गरोदरपणीं स्त्रीच्या शरीरांत वाढणारीं संप्रेरकें कांहीं स्त्रियांत यकृतांतून पित्ताम्लें बाहेर टाकण्याची वाट अडवितात. तीं मग रक्तांत सांठतात. याचें लक्षण फार साधें दिसतें: बहुधा सातवा महिना उलटल्यावर तळहात व तळपाय यांस खाज सुटते, रात्रीं ती वाढते, आणि अंगावर पुरळ मात्र कांहींच दिसत नाहीं. पुरळ नाहीं म्हणून घरांत तें कोणी मनावर घेत नाहीं. उष्णता झाली, पोट ताणलें, लेकरास जावळ फार आहे, अशी समजूत घालून खोबरेल लावतात. आईस सहसा याहून अधिक त्रास होत नाहीं, आणि बाळंत झाल्यावर खाज आपोआप थांबते. पण भय असतें तें पोटांतल्या जिवास. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकांत २०१९ सालीं अनेक देशांतील स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या रक्तांतील पित्ताम्लें लिटरास ४० मायक्रोमोलच्या आंत होतीं त्यांच्यांत मृत मूल जन्मण्याचें प्रमाण शेकडा ०.१३ होतें, आणि ज्यांचीं १०० किंवा त्याहून वर गेलीं त्यांच्यांत तें शेकडा ३.४४ होतें. पित्ताम्लें किती आहेत हें रक्ताच्या तपासणीनें कळतें. तीं फार वाढलेलीं दिसलीं तर डॉक्टर दिवस भरण्याच्या थोडें आधींच प्रसूति करवितात. सुनेच्या किंवा लेकीच्या तळपायांस अशी खाज सुटली तर तिला त्याच आठवड्यांत तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावें, आणि पित्ताम्लांची तपासणी असें नांव घेऊन सांगावें. नांगरणी चार दिवस थांबली तरी चालेल.

गोठ्यांतही पित्ताची वाट अडते, आणि ती बहुधा घाणेरीमुळें. कोठें कोठें हिला टणटणी म्हणतात. बागेची शोभा म्हणून अमेरिकेंतून आणलेलें हें झुडूप आतां माळ, गायरान व डोंगरउतार व्यापून बसलें आहे. जनावर सहसा तिला तोंड लावीत नाहीं. पण वैरणीची टंचाई असली, किंवा दुसऱ्या मुलखांतून विकत आणलेलें नवखें जनावर असलें, तर तें पाला खातें. त्या पाल्यांतील विष यकृताच्या बारीक पित्तवाहिन्यांस निकामी करितें. पित्त पुढें सरकत नाहीं. जनावराच्या पोटांत हिरव्या वैरणीच्या रंगापासून एक द्रव्य नेहमीं तयार होतें व पित्तावाटे बाहेर जातें. तें आतां रक्तांत सांठून कातडीपर्यंत पोंचतें आणि उन्हानें पेटल्यासारखें होतें. नाकपुडी, कान, कास अशा फिकट कातडीच्या जागीं सूज येते, खपल्या धरतात, सोलपटें निघतात. डोळे पिंवळे पडतात, रवंथ थांबतें, शेण कठीण होतें. म्हशीच्या व काळ्या बैलाच्या कातडीवर हें चिन्ह उमटत नाहीं. म्हणून त्यांस विष चढलेलें नाहीं असें मात्र समजूं नये. त्यांच्या बाबतींत डोळे, शेण व रवंथ यांवरच लक्ष ठेवावें.

असें जनावर दिसतांच त्यास उन्हांतून काढून अंधाऱ्या गोठ्यांत बांधावें, पाणी पुरेसें ठेवावें, आणि पशुवैद्यास त्याच दिवशीं बोलवावें. पोटांत राहिलेला पाला दिवसचे दिवस विष सोडीत राहतो, म्हणून पहिल्या उपचारानंतर जनावर जरा टवटवीत दिसलें तरी पशुवैद्य पोटांत कोळशाची पूड वगैरे देण्यास सांगेल तें अर्ध्यावर सोडूं नये. गुरें नव्यानें आणलीं असतील तर गायरानांत सोडण्यापूर्वीं पहिले कांहीं दिवस त्यांस गोठ्यांतच वैरण घालावी, आणि बांधावरील घाणेरी फुलावर येण्यापूर्वीं मुळासकट खणून काढावी. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते.